सोन्याचे नॅनोकण आणि कॅन्सर: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. घरात कुणाला कॅन्सर निघाला की चार दिवसांत कुठलातरी काका किंवा मावसभाऊ 'सोन्याच्या कणांनी कॅन्सर मुळासकट बरा' असा व्हिडिओ पाठवतो, आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. सोबत एकच ओळ असते: सर, हे खरं आहे का? त्यातून जमलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मी डॉक्टर नाही. उपचार कोणता घ्यायचा हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. आणि घाईत असाल तर 'नाशिकमध्ये मिळतो का' हा प्रश्न आधी वाचा, बाकीचं सवडीने.

नॅनोकण म्हणजे नेमका केवढा कण?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कॅन्सरसाठी ज्यांचा अभ्यास चालू आहे ते सोन्याचे कण साधारण २ ते १५० नॅनोमीटरचे असतात. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, त्यावरून अंदाज घ्या. २० नॅनोमीटरच्या एका गोल कणात सोन्याचे जवळपास अडीच लाख अणू मावतात. एक ग्रॅम सोन्याचे असे कण करायचे ठरवले तर ते बारा हजार लाख कोटींच्या आसपास भरतील आणि त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून पंधरा चौरस मीटर होईल, म्हणजे एका मोठ्या बेडरूमची फरशी. हा पृष्ठभाग महत्त्वाचा आहे, कारण औषध, अँटीबॉडी (ठरावीक पदार्थालाच ओळखून पकडणारं प्रथिन), डीएनएचा तुकडा असं जे काही चिकटवायचं ते त्यावरच.

सोनं पिवळं असतं. मग व्हिडिओतलं ते पाणी लालभडक का? रंग मिसळतात का?

नाही, रंग सोन्याचाच असतो. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

सराफ बाजारातल्या गलाईवाल्याला विचारा, सोनं विरघळवायला काय लागतं. तो तेजाब म्हणेल. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं आणि त्यातून सोन्याचं एक पिवळं क्षार-द्रावण मिळतं. प्रयोगशाळेत ते इतकं पातळ करतात की जेमतेम पिवळसर झाक राहते. ते उकळत ठेवायचं आणि जोरात ढवळत असताना त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळी झाक निघून जाते, फ्लास्कमध्ये नुसतं पाणी आहे असं वाटतं. मग कडेने काळपट निळा रंग चढायला लागतो, तो जांभळा होतो, आणि काही मिनिटांत सगळं द्रावण माणकासारखं लाल होऊन स्थिरावतं. ही पद्धत टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडली आणि अजूनही जगभर तीच पहिली शिकवतात. भांडं आधी आम्लाने धुतलेलं हवं. काचेवर जरा जरी मळ राहिला तरी कण वेडेवाकडे वाढतात.

लाल रंगाचं कारण असं. इतक्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हिंदकळतात. १०-२० नॅनोमीटरच्या कणांत हा ताल हिरव्या प्रकाशाशी, म्हणजे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास जुळतो. हिरवा शोषला जातो, आपल्याला उरलेला लाल दिसतो. आता त्याच लाल द्रावणात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण डोळ्यांदेखत निळं-जांभळं होतं. निदानातल्या बऱ्याच चाचण्या या रंगबदलावरच उभ्या आहेत.

मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अशा लाल द्रावणांवर व्याख्यान दिलं होतं आणि त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. तेव्हा 'अगदी नवं तंत्रज्ञान' असं कुणी म्हणालं तर अर्धंच खरं.

कॅन्सरसाठी सोनंच का? चांदी स्वस्त पडेल की!

सोनं गंजत नाही आणि शरीरातल्या रसायनांशी सहसा भांडत नाही. चांदी तशी नाही, तिचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात आणि पेशींना त्रास देतात. दुसरं म्हणजे गंधक असलेले रेणू सोन्याला घट्ट धरून बसतात, त्यामुळे कणावर हवं ते बांधणं सोपं जातं. तिसरं, कणाचा आकार बदलला की तो कोणता प्रकाश शोषणार हेही बदलता येतं. गोळीऐवजी कांडी केली, त्रिकोण केला किंवा सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ थर चढवला, तर तो कण लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो. हाच प्रकाश मांसातून त्यातल्या त्यात खोल जातो.

असे त्रिकोणी कण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कापासून तयार केले होते. २००४ मध्ये ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. म्हणून गवती चहा प्यायल्याने कॅन्सर बरा होतो असा अर्थ कृपया काढू नका. हा प्रश्नही मला आलेला आहे.

निदानात हे कण आज कुठे वापरले जातात?

तुम्ही ते हातात धरलेले आहेत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रेग्नन्सी किटवर किंवा करोनाच्या घरगुती रॅपिड टेस्टवर जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याच्या कणांची असते. कणांवर अँटीबॉडी चिकटवलेली असते. नमुन्यात शोधायचा पदार्थ असेल तर तो कणांना धरून ठेवतो आणि ते पट्टीवरच्या ठरावीक जागी अडकून दिसू लागतात.

कॅन्सरच्या बाबतीत याच तत्त्वावर रक्तातली किंवा लघवीतली ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण मानली जाणारी, प्रथिनं पकडायच्या पट्ट्या आणि सेन्सर यांवर बरंच संशोधन चालू आहे. पण अडचण रसायनाची कमी आणि वैद्यकाची जास्त आहे. एखादा मार्कर वाढला म्हणजे कॅन्सर असलाच पाहिजे असं नसतं. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी पाहतात तो पीएसए हा मार्कर प्रोस्टेटच्या साध्या वाढीतही चढतो, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पाहतात तो सीए-१२५ इतर कारणांनीही वाढतो. पट्टी कितीही संवेदनशील केली तरी मार्करच डळमळीत असेल तर ती काय करणार? म्हणून रोगाची खात्री अजूनही बायोप्सीनेच होते. 'सुई न टोचता, एका थेंबात सगळे कॅन्सर ओळखा' अशी जाहिरात दिसली तर पुढे जा.

सीटी स्कॅनमध्ये सोनं वापरता येईल असं वाचलं, ते कसं?

आज सीटीच्या आधी जे इंजेक्शन देतात त्यात आयोडिन असतं. आयोडिनचा अणुक्रमांक ५३, सोन्याचा ७९. जड अणू एक्स-रे जास्त अडवतो. किरणांची ऊर्जा १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) आसपास असेल तर तेवढ्याच वजनाचं सोनं आयोडिनच्या अडीच पटीहून जास्त क्ष-किरण शोषतं. त्यामुळे चित्र अधिक स्पष्ट येऊ शकतं आणि कणांवर अँटीबॉडी बसवली तर गाठच उजळून दिसावी अशी आशा आहे. प्राण्यांमध्ये हे दाखवलं गेलं आहे. दवाखान्यात मात्र अजून आयोडिनच.

शिरेतून दिलेले कण बरोबर गाठीतच कसे जातात?

बरोबर गाठीतच जातात हे अर्धसत्य आहे, आणि व्हिडिओवाले नेमकं इथेच फसवतात.

गाठ झपाट्याने वाढते, तिच्या रक्तवाहिन्या घाईघाईत बनलेल्या आणि फटी असलेल्या असतात. त्या फटींतून कण बाहेर झिरपतात आणि गाठीत लसिकेचा (पेशींभोवतीच्या द्रवाचा, लिम्फचा) निचरा नीट नसल्याने तिथेच रेंगाळतात. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. शिवाय कणांवर कॅन्सरपेशीला ओळखणारी अँटीबॉडी बसवता येते.

ऐकायला झकास आहे. पण २०१६ मध्ये 'नेचर रिव्ह्यूज मटेरियल्स'मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा छापून आला. त्यात गाठीत पोचणाऱ्या कणांचं मध्यक (सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारं) प्रमाण निघालं ०.७ टक्के. म्हणजे टोचलेल्या हजार कणांपैकी गाठीत पोचतात सात. हा आकडा सोन्यासकट सगळ्याच प्रकारच्या नॅनोकणांचा आहे. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळतात, कारण परका कण दिसला की तो उचलायचा हेच तिथल्या पेशींचं काम. माणसाची गाठ उंदराच्या गाठीपेक्षा वेगळी असते हा आणखी एक मुद्दा. इतकी वर्षं एवढे शोधनिबंध निघूनही औषध दुकानात का आलं नाही, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. त्यासाठी औषध कंपन्यांचं कारस्थान शोधायला नको.

कण तापवून गाठ जाळतात, हे माणसांवर झालं आहे का?

झालं आहे, लहान प्रमाणात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा थर असलेले, सुमारे १५० नॅनोमीटरचे कण विकसित केले. प्रोस्टेटमध्येच मर्यादित असलेला, कमी किंवा मध्यम धोक्याचा कॅन्सर असलेल्या १६ पुरुषांवर त्यांची चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी कण शिरेतून दिले, मग दुसऱ्या दिवशी एमआरआय आणि सोनोग्राफीच्या मदतीने लेझरची बारीक तार थेट प्रोस्टेटमध्ये नेली. प्रकाश पडला की कण तापतात, भोवतालची गाठ भाजते. १५ जणांवर उपचार पूर्ण करता आला. वर्षभराने घेतलेल्या बायोप्सीत बहुतेकांच्या उपचार केलेल्या भागात कॅन्सर दिसला नाही.

यातल्या मर्यादाही वाचा. रुग्ण १६, रोग सुरुवातीचा, गाठ एका जागी. इन्फ्रारेड प्रकाश मांसात फार तर काही सेंटिमीटर जातो, म्हणूनच तार आत न्यावी लागली. यकृत, हाडं, फुप्फुस असा पसरलेला रोग या पद्धतीने निघत नाही.

रेडिएशन चालू आहे. सोन्याचे कण दिले तर शेक जास्त लागू पडेल?

तत्त्व पक्कं आहे. गाठीत सोनं असेल तर ते किरण जास्त शोषतं आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉन फेकतं, त्याने कॅन्सरपेशीचं नुकसान वाढतं. जेम्स हेनफेल्ड यांच्या गटाने २००४ मध्ये १.९ नॅनोमीटरचे कण उंदरांना टोचून क्ष-किरण दिले. स्तनाच्या गाठी असलेल्या या उंदरांपैकी एका वर्षाने ८६ टक्के जिवंत होते, नुसते क्ष-किरण दिलेल्यांपैकी २० टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण उंदरांचे आहेत. शिवाय त्या प्रयोगातले किरण कमी ऊर्जेचे होते. आपल्याकडे शेक देणाऱ्या लिनॅक मशीनचे किरण बरेच जास्त ऊर्जेचे असतात आणि तिथे सोन्याचा फायदा घटतो. तुमचा शेक चालू असेल तर तो एकही दिवस न चुकवणं हीच सध्या तुमच्या हातातली गोष्ट.

आणि औषध वाहून न्यायचं काम?

दोन चाचण्या सांगतो. एकीत २७ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणावर टीएनएफ हे प्रथिन बसवलं होतं. टीएनएफ गाठीच्या रक्तवाहिन्या फोडतं, पण नुसतं दिलं तर रक्तदाब धाडकन कोसळतो. कणावर बसवून दिल्यावर रुग्णांना जास्त मात्रा सोसली, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यातून दिसलं. दुसरी चाचणी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमाच्या आठ रुग्णांना सोन्यावर आरएनए बसवलेले कण शिरेतून दिले आणि नंतर काढलेल्या गाठीत सोनं सापडलं. मेंदूपर्यंत पोचणं हीच त्यातली मोठी बातमी होती. रुग्ण बरे झाले असा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही.

नाशिकमध्ये हा उपचार मिळतो का? टाटाला मिळेल का?

नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही, ना नाशिकला, ना मुंबईला. कॅन्सरवरचा नेहमीचा उपचार म्हणून सोन्याचे नॅनोकण आज कुठेच दिले जात नाहीत. चाचणीबाहेर कुणी पैसे घेऊन देत असेल तर त्या बाटलीत काय आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नाशिकमध्ये शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन या तिन्हींची सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचारांचा समावेश आहे, योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. दुसरं मत हवं असेल तर सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरणारे आणि तिथून परळ गाठणारे नाशिककर रोज असतात, त्यात काही गैर नाही. पण 'सोन्याचं औषध टाटाला मिळतं' म्हणून जाऊ नका.

डॉक्टरांनी 'नॅनो केमो' लिहून दिली आहे. ती हीच का?

नाही, पण ती खरी आहे. केमोच्या औषधाला चरबीच्या सूक्ष्म वेष्टणात भरलेलं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ पासून मान्य आहे आणि अल्ब्युमिन प्रथिनाला जोडलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून. दोन्ही भारतात मिळतात. त्यांत सोनं नसतं. साध्या औषधापेक्षा महाग पडतात, म्हणून 'आमच्या पेशंटला याचा नेमका काय फायदा?' हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. कधी उत्तर 'हृदयावरचा ताण कमी होतो' असं असेल, कधी 'रिअ‍ॅक्शन कमी येते'.

सुवर्णभस्म म्हणजे आपल्या पूर्वजांचं नॅनोतंत्रज्ञानच ना?

या प्रश्नावर नाशिकमध्ये हमखास आवाज चढतात, म्हणून शांतपणे. सुवर्णभस्माच्या काही नमुन्यांत ५०-६० नॅनोमीटरचे सोन्याचे स्फटिक आढळले आहेत, हे खरं. पण ते एकमेकांना चिकटून मोठे गोळे झालेले असतात, त्यांच्यावर कॅन्सरपेशी ओळखणारं काही नसतं, ते तोंडाने घेतात आणि आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. शिरेतून देण्यासाठी घडवलेले कण ही वेगळी वस्तू आहे. वैद्यांकडून घेत असाल तर कॅन्सरच्या डॉक्टरांपासून लपवू नका. भस्म नीट केलेलं नसेल तर त्यात शिसं-पारा असू शकतो आणि केमो चालू असताना यकृत-मूत्रपिंड आधीच दमलेली असतात. पुष्य नक्षत्रावर बाळांना देतात ते सुवर्णप्राशन हा आणखी वेगळा विषय, त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही.

जाता जाता: कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. पत्रकं तरी वाटली जातातच. माझ्याही हातात पडली आहेत.

हे सोनं शरीरात राहून अपाय करत नाही का?

मोठे कण यकृत-प्लीहेत महिनोन्महिने राहू शकतात. साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर मूत्रपिंडातून लघवीवाटे जातात. 'सोनं आहे, अपाय कसला?' हा युक्तिवाद इथे चालत नाही. पेशींवरच्या प्रयोगांत १.४ नॅनोमीटरचे कण विषारी ठरले आणि १५ नॅनोमीटरचे तेवढ्याच मात्रेत नाहीत. धातू तोच, फरक आकाराचा. कणावर कोणतं वेष्टण आहे यावरही बरंच अवलंबून असतं.

सोन्याचे दागिने अंगावर ठेवले तर उपयोग होतो?

नाही. एमआरआय आणि शेकाच्या वेळी काढून घरी ठेवा, दवाखान्यात हरवतात.

खर्च किती येईल? सोनं एवढं महागलंय.

सोनं हा त्यातला मोठा खर्च नाहीच. सगळे कण एका मापाचे करणं, निर्जंतुक ठेवणं, दर बॅच तपासणं आणि वर्षानुवर्षं चाचण्या करणं यात पैसा जातो. भारतात अशा नॅनो-औषधांचं मूल्यमापन कसं करायचं याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने काढली.

आमच्या पेशंटला एखाद्या चाचणीत घेता येईल का? काय करावं लागेल?

भारतातल्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर असते, ती कुणालाही फुकट पाहता येते. कॅन्सरचा प्रकार टाकून शोधा. चाचणी सोन्याचीच हवी असा हट्ट नको. तुमच्या रुग्णाच्या रोगाला लागू पडेल अशी कोणतीही नोंदलेली चाचणी पाहा. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा, तिथेच सही करायची घाई नको. चाचणीतल्या नव्या औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा. मधेच बाहेर पडायचा हक्क रुग्णाला असतो आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद नियमांत आहे.

जाताना नुसती रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमधून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, आयएचसीचा (गाठीच्या पेशींवरची प्रथिनं पाहणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी सोबत ठेवा, आतापर्यंतच्या केमोच्या तारखा आणि औषधांची नावं एका कागदावर लिहा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण वितळतं.